धुळ्याची जागा एकट्या मालेगाव मध्यमुळे गेली नाही

२०२४ च्या लोकसभा निकालानंतर खानदेशातल्या ग्रुपांवर एक मजकूर फिरू लागला. विधानसभेच्या प्रचारात तोच हिशेब व्यासपीठांवरूनही मांडला गेला. थोडक्यात तो असा: धुळे मतदारसंघातल्या सहापैकी पाच विधानसभा क्षेत्रांत भाजपचे डॉ. सुभाष भामरे सुमारे १ लाख ९० हजार मतांनी पुढे होते. एकट्या मुस्लिमबहुल मालेगाव मध्यने काँग्रेसच्या डॉ. शोभा बच्छाव यांना सुमारे १ लाख ९४ हजारांची आघाडी दिली आणि जागा ३,८३१ मतांनी गेली. इथपर्यंत सगळं खरं आहे. पण पुढे तीन गोष्टी चिकटवल्या जातात. ‘बाहेरचं’ मालेगाव धुळ्याला काँग्रेसच्या सोयीसाठी जोडलं. पाच क्षेत्रांचा कौल एका क्षेत्राने हिरावला. आणि मालेगाव मध्यचं मत कायम एकगठ्ठाच पडतं. या तिन्ही गोष्टी चूक आहेत.

आधी जोडणीचं बघू. २००४ पर्यंत धुळे लोकसभा अनुसूचित जमातींसाठी राखीव होती. शेजारी मालेगाव नावाचा वेगळा लोकसभा मतदारसंघ होता, तोही राखीवच. न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या आयोगाने २००१ च्या जनगणनेवर फेररचना केली आणि २००९ ची निवडणूक नव्या हद्दींवर झाली. महाराष्ट्रात २८८ विधानसभा आणि ४८ लोकसभा, म्हणजे एका खासदारामागे सहा आमदार. धुळे जिल्ह्यात विधानसभा पाचच. त्यातल्या साक्री आणि शिरपूर या जमातींसाठी राखीव असलेल्या दोन जागा नंदुरबार जिल्ह्यातल्या चार राखीव जागांना जोडून नंदुरबार लोकसभेच्या सहा पुऱ्या केल्या. धुळ्याकडे उरल्या तीन: धुळे शहर, धुळे ग्रामीण, शिंदखेडा. बाकी तीन आणायच्या कुठून? मालेगाव मध्य, मालेगाव बाह्य आणि बागलाण लागूनच होते, आणि जुना मालेगाव लोकसभा मतदारसंघ मोडला होता.

ही काही परकी माणसं नव्हेत. १८६९ मध्ये नाशिक जिल्हा झाला, तोवर मालेगाव आणि बागलाण खानदेशातच होते. बागलाणातल्या सटाण्याच्या बाजारात आजही खानदेशची अहिराणी बोली ऐकू येते, धुळ्याच्या सोयरिकी तिकडे आहेत. मालेगावला ‘बाहेरचं’ म्हणणारा मजकूर धुळेकराने पुढे ढकलावा, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आणि ही रचना काँग्रेससाठी केली असती, तर निकाल काय लागले असते? २००९ ला भाजपचे प्रताप सोनवणे निवडून आले. २०१४ ला भामरे १,३०,७२३ मतांनी, २०१९ ला २,२९,२४३ मतांनी. तिन्ही वेळा मालेगाव मध्य याच मतदारसंघात होतं.

आता मुख्य मुद्दा. २०१९ मध्येही मालेगाव मध्यने काँग्रेसचे कुणाल पाटील यांनाच मोठी आघाडी दिली होती. तरी भामरे सव्वादोन लाखांवर मतांनी जिंकले, म्हणजे उरलेल्या पाच क्षेत्रांतली त्यांची आघाडी त्याहूनही बरीच मोठी असणार, हे साध्या वजाबाकीने कळतं. २०२४ ला तीच आघाडी १ लाख ९० हजारांवर आली. भामरे यांची एकूण मतं ६,१३,५३३ वरून ५,८०,०३५ झाली. पाच वर्षांत मतदार वाढले आणि त्यांची मतं ३३,४९८ ने घटली. मालेगाव मध्यमध्ये त्यांना दोन्ही वेळा जेमतेम काही हजार मतं होती, तेव्हा ही घट तिथली असूच शकत नाही. ती उरलेल्या पाच क्षेत्रांतली आहे. पराभव ३,८३१ चा आणि घट त्याच्या जवळजवळ नऊपट!

ही घट का झाली, याचं माझं उत्तर कांदा. ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलं, ८ डिसेंबरला निर्यात बंदच केली. ती उठली मे २०२४ च्या सुरुवातीला, तीही शुल्क आणि किमान निर्यातमूल्य ठेवून. धुळ्यात मतदान होतं २० मेला. बागलाण आणि मालेगाव बाह्यच्या शेतकऱ्याचा लाल कांदा तोवर मातीमोल भावाने गेला होता. शेजारच्या दिंडोरीत तर मालेगाव मध्य नाही, तरी तिथे भाजपच्या भारती पवार केंद्रात मंत्री असताना १,१३,१९९ मतांनी पडल्या. जळगाव आणि रावेर मात्र भाजपने अडीच लाखांवर मतांनी राखले. तिथलं मुख्य पीक कापूस आणि केळी, कांदा नव्हे.

एक गोष्ट मान्य करायला हवी. २०१९ ला वंचित बहुजन आघाडीच्या उमेदवाराने सुमारे ३९ हजार मतं घेतली होती. २०२४ ला त्या पक्षाचा अर्ज छाननीत बाद झाला आणि मालेगावात मतविभागणी टळली. त्याचा काँग्रेसला फायदा झालाच. पण ते ३९ हजार २०१९ मध्ये काँग्रेसच्या पदरात टाकले, तरी सव्वादोन लाखांचं अंतर बुजत नाही.

राहिला ‘कायम एकगठ्ठा’चा दावा. मालेगाव मध्यने २००९ मध्ये जनसुराज्य शक्तीचा, २०१४ मध्ये काँग्रेसचा आणि २०१९ मध्ये एमआयएमचा आमदार दिला. लोकसभेनंतर अवघ्या सहा महिन्यांत, नोव्हेंबर २०२४ मध्ये, त्याच मतदारांनी २०१९ चे आमदार मुफ्ती इस्माईल आणि २०१४ चे आमदार आसिफ शेख यांच्यात मतं अशी वाटली की निकाल लागला फक्त १६२ मतांनी.