जिन्याखालचा प्लग

वाद पेटला तो मन्याच्या सोसायटीच्या नोटिशीवरून. पार्किंगमध्ये इलेक्ट्रिक स्कूटर चार्ज करायची नाही, आजपासून बंद!

"पेट्रोलच्या गाड्या पेटत नाहीत का?" मन्याने चहाचा ग्लास कट्ट्यावर आपटला.

"2022 मध्ये लोहगावात रस्त्याकडेला उभी स्कूटर पेटली, तो व्हिडिओ तूच पाठवला होतास," अभ्या म्हणाला.

"त्यानंतर नियम कडक झाले. एआयएस-156 वाच, इलेक्ट्रिक दुचाकीच्या बॅटरीचं सुरक्षा मानक आहे ते. आत सेल तापायला लागला तर गाडीने आधी इशारा द्यायचा. चाचण्या कुठे होतात? या इथे टेकडीवर, एआरएआयमध्ये!" गाड्यांची तपासणी करणारी ही संस्था कोथरूडमध्ये आहे, याचं श्रेय मन्या स्वतःकडे घेतो.

काका तोवर गप्प होते. तीस वर्षं टूलरूममध्ये काढलेला माणूस. "पेट्रोलची आग फोमने दबते रे. बॅटरीत आग आतच असते. एक सेल तापला की शेजारच्याला तापवतो, तो पुढच्याला. वरून विझली म्हणून पाठ फिरवावी, तर तासाभराने परत धूर. भरपूर पाणी मारून पॅक थंडच करावा लागतो."

"माझी बॅटरी एलएफपी आहे, लिथियम आयर्न फॉस्फेटची," मन्या म्हणाला.

"मग जास्त उष्णता सोसेल. पेटणारच नाही असं नाही. आणि तू चार्ज कुठे करतोस?"

मन्या काही बोलेना, म्हणून सगळे उठून बघायलाच गेलो. गाडी जिन्याखाली, मीटरच्या पेटीला खेटून. तळमजल्यावरच्या घरातून आणलेली एक्स्टेन्शन वायर, उरलेली सगळी नीट गुंडाळून ठेवलेली. वेटोळ्यावर हात ठेवला तर गरम. प्लगची एक पिन तपकिरी पडलेली, भोवतीचं प्लास्टिक फुगलेलं.

"यात बॅटरीचा काय दोष?" मन्या.

"काहीच नाही," काका म्हणाले, "पण 2022 मध्येच सिकंदराबादला खाली ई-स्कूटरची शोरूम होती, वर हॉटेल. धूर वर चढला, आठ माणसं गेली. तुमच्या वरच्या तीन मजल्यांना उतरायला दुसरा जिना आहे?"

नव्हता.

माझ्या मते नोटीसही अर्धवटच. बंदी घातली की लोक बॅटरी काढून हॉलमध्ये सोफ्याशेजारी चार्ज करणार, म्हणजे आग थेट घरात. त्यापेक्षा कंपाउंडच्या भिंतीलगत उघड्यावर पत्रा टाका, स्वतंत्र एमसीबी म्हणजे लोड वाढला की आपोआप पडणारा स्विच, नीट अर्थिंग आणि 16 अँपिअरचा सॉकेट द्या. अभ्याला हेही पटलं नाही. खर्च कोण करणार, हा त्याचा प्रश्न. त्याच्याकडे गाडीच नाही.

मन्याने बटण बंद केलं, प्लग उपटला आणि वायर काखेत मारली.

"उद्या ऑफिसला कसा जाणार?" मी विचारलं.

"तुझ्या पेट्रोलवर."