'दिखावा' म्हणालात, म्हणून हे लांबलेलं उत्तर

धुळ्याहून लिहिणाऱ्या दादांना,

मागच्या लेखात मी एवढंच लिहिलं होतं की गेली तीन वर्षं माझ्या डाव्या मनगटावर बाबांचं एचएमटी जनता हे चावीचं घड्याळ असतं, उजव्या मनगटावर फिटनेस बँड असतो आणि मला दोन्ही लागतात. त्यावर तुमची प्रतिक्रिया आली. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी इथे देते: "ताई, राग मानू नका, पण हा निव्वळ दिखावा आहे. बँडमध्ये वेळ दिसतेच, मग घड्याळ कशाला? कामाच्या हातात बँड घातला की पावलं चुकीची मोजली जातात. त्याच्या चार्जरच्या लोहचुंबकाने जुनं घड्याळ बिघडतं ते वेगळंच. आणि एचएमटीचा घड्याळांचा कारखाना १९६१चा, तुम्ही १९६३ लिहिलंय. माझ्याही वडिलांचं एचएमटी आहे, पण मी ते कपाटात जपून ठेवलंय, मिरवत नाही. जरा अभ्यास करून लिहीत जा."

आधी तुमचं जे बरोबर आहे ते मान्य करते. कारखाना १९६१चाच. जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळुरूला सुरू झाला. माझ्या हातून दोन वर्षं चुकली, लेखात दुरुस्ती केली आहे. लक्षात आणून दिल्याबद्दल आभार.

आता 'दिखावा'.

दादा, तुम्ही मला ताई म्हणालात. आमच्याकडे भुसावळ-यावल पट्ट्यात ताई म्हटलं की पुढचं बोलणं जरा जपून येतं. तुम्ही ताई म्हणून लगेच 'राग मानू नका' म्हणालात, म्हणजे राग येईल असं बोलणार आहोत हे तुम्हाला आधीच ठाऊक होतं. ठाऊक असूनही बोललात. मग राग आला तर तो माझा दोष कसा? गावाकडे माझ्या मावशीने हेच विचारलं होतं. ओट्यावर बसून कळण्याची भाकरी थापताना तिने माझ्या हातांकडे पाहिलं आणि म्हणाली, "दोन दोन घड्याळ कसाले घालस वं?" मी सांगितलं, तिने ऐकलं, 'बरं' म्हणाली आणि भाकरी तव्यावर टाकली. तिने विचारलं. तुम्ही विचारलं नाही, निकाल दिलात.

दिखावा कशाला म्हणतात ते तरी पाहू. आपल्या भागात लग्नाला गेलं की बायकांच्या दोन्ही हातांत कोपरापर्यंत बांगड्या असतात, त्यावर पाटल्या, त्यावर तोडे. जळगावच्या सोन्याची कीर्ती काय उगीच आहे? पुरुषांच्या हातात कडं, लाल गंडा, पुष्कराजाची एक आणि पोवळ्याची दुसरी अंगठी. त्यांना कुणी थांबवून विचारत नाही की एक बांगडी असताना दुसरी कशाला. मी दोन कामाच्या वस्तू दोन हातांवर घातल्या तर तो दिखावा? आणि बँड घातल्यापासून माझ्या उजव्या हातात एकही बांगडी नाही. असायची तेव्हा बँड मनगटावरून सरकायचा आणि ठोके भलतेच दाखवायचा. म्हणून काढल्या. 'भुंडा हात' म्हणून आळीतल्या दोघी-तिघींनी टोकलं, तेही सोसलं. ज्याला मिरवायचं असतं तो हातातलं उतरवत नाही हो.

तरी हा शब्द मनातून जात नाही, म्हणून जे लेखात थोडक्यात आटोपलं होतं ते सविस्तर सांगते.

माझे बाबा भुसावळला मालगाडीचे गार्ड होते. आता त्या पदाला ट्रेन मॅनेजर म्हणतात, २०२२पासून. आमच्या क्वार्टरवर रात्री-अपरात्री ड्युटीचं बोलावणं घेऊन कॉलबॉय यायचा, दाराची कडी वाजवायचा, बाबा वहीत सही करायचे. आई स्टोव्ह पेटवायची. बाबा कपडे घालायचे आणि सगळ्यात शेवटी घड्याळ. चावी द्यायची वेळ ठरलेली होती, पहाटे उठल्यावर. पण ड्युटीला निघताना ते एकदा कानाशी धरायचेच. मी अंथरुणातून बघायचे. पिवळ्या बल्बखाली तो माणूस डोळे मिटून मनगट कानाला लावून उभा आहे, हे चित्र माझ्या डोळ्यांसमोरून कधी पुसलं जाणार नाही. रेल्वेचा नियम असा की गाडी निघण्याआधी गार्डने स्टेशनच्या घड्याळाशी आपलं घड्याळ मिळवायचं आणि ती वेळ ड्रायव्हरला सांगायची, मग ड्रायव्हरने त्याचं मिळवायचं. एका गाडीवर दोन माणसं, दोन घड्याळं. इंजिनातला माणूस आणि शेवटच्या डब्यातला माणूस, मध्ये पन्नासेक वाघिणी, म्हणजे मालाचे डबे, आणि दोघांची वेळ एक. बाबा हे सांगताना आवाज खाली आणायचे, देवाधर्माचं सांगावं तसं. त्यांच्या घरात मी वाढले. त्यांचं घड्याळ मी मिरवते म्हणता?

ते घड्याळ दाखवण्यासारखं आहे तरी का? पांढरी तबकडी आता दुधाच्या सायीसारखी पिवळसर पडली आहे. त्यावर देवनागरीत 'जनता' लिहिलेलं. काच म्हणजे प्लॅस्टिकची काच, तिच्यावर इतके ओरखडे आहेत की उन्हात तिरपं धरलं तर काटे दिसत नाहीत. चार-सातच्या मध्ये एक लांब ओरखडा आहे, तो ब्रेकव्हॅनच्या, म्हणजे गार्डच्या डब्याच्या, दाराचा. घड्याळजी म्हणाला होता की काच बदलून देतो, नवीसारखी होईल. मी नको म्हटलं. मिरवायचं असतं तर बदलली नसती?

आणि बँड. तो मी कुणाला दाखवायला घेतला नाही, भीतीने घेतला. तीन वर्षांपूर्वी माझी छाती धडधडायची. रात्री झोप नाही, हात थरथरायचे, खडू धरता येईना. एका डॉक्टरांकडे गेले, त्यांनी नाडी पाहिली न पाहिली आणि सांगितलं, टेन्शन घेऊ नका, शाळेची दगदग कमी करा. मी दोन महिने टेन्शन न घेण्याचा प्रयत्न केला. शेवटी भाच्याने बँड आणून दिला. खुर्चीत शांत बसलेले असताना ठोके १०८. पहाटे उठल्या उठल्या १०२. आठवडाभराचे आकडे वहीत उतरवून दुसऱ्या डॉक्टरांसमोर ठेवले. त्यांनी थायरॉईडची रक्ततपासणी करायला लावली आणि दुखणं सापडलं: थायरॉईड वाढलेला. गोळ्या सुरू झाल्या. आज बसल्या जागी ७४-७६ असतात. बँडने रोग ओळखला असं मी म्हणत नाही, रोग रक्ततपासणीत कळला. पण 'मला धडधडतं' हे जे मी तोंडाने सांगत होते ते कुणी ऐकत नव्हतं, ते त्या वहीतल्या आकड्यांमुळे ऐकलं गेलं. त्या बँडच्या खालच्या बाजूला हिरवा दिवा लुकलुकतो. रक्त हिरवा उजेड शोषून घेतं. प्रत्येक ठोक्याला मनगटातलं रक्त वाढतं, कमी होतं, आणि परत येणारा उजेड तसतसा बदलतो. त्यावरून तो ठोके मोजतो. अंधारात गादीवर पडले की तो हिरवा ठिपका पांघरुणाखाली दिसतो. मला त्याचा आधार वाटतो, आणि हे लिहायला मला लाज वाटत नाही.

रोज सकाळी जळगावच्या मेहरूण तलावावर चाळीस मिनिटं चालते. दहा हजार पावलांच्या मागे मी लागत नाही. तो आकडा डॉक्टरांनी काढलेला नाही, १९६५मध्ये जपानात विकायला आणलेल्या पावलं मोजण्याच्या यंत्राच्या नावातून तो आला आणि जगभर पसरला. मला चाळीस मिनिटं सांगितली आहेत, मी चाळीस मिनिटं चालते.

आता तुमचं ते वाक्य: 'बँडमध्ये वेळ दिसतेच, मग घड्याळ कशाला?' तुम्हाला ते बिनतोड वाटलं असणार. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. तिसरी-चौथीच्या पोरांना पुठ्ठ्याच्या घड्याळावर वेळ शिकवण्यात माझी वीस वर्षं गेली. अलीकडे मुलं 'सात बेचाळीस' म्हणतात. मोबाइलवर तेच लिहिलेलं असतं. मी विचारते, म्हणजे पावणेआठला किती कमी? वर्ग गप्प. सव्वा, साडे, पावणे हे आपले शब्द तबकडीवर डोळ्यांना दिसतात. मोठा काटा तीनवर आला की सव्वा, खाली सहावर टेकला की साडे, चढून नऊवर गेला की पावणे. आकड्यांच्या पट्टीवर सव्वा कुठे दिसणार? तिथे फक्त पंधरा दिसतात. माझ्या वर्गातली एक मुलगी रोज मधल्या सुट्टीत माझा हात ओढून काटे बघते आणि सांगते, 'बाई, अजून बोटभर आहे.' घंटेला अजून बोटभर वेळ आहे. हे तिने स्वतः शोधून काढलं. बँडवर तिला बोटभर काही मोजता आलं नसतं.

सहलीला मुलांना आम्ही पाटणादेवीला नेतो. चाळीसगावजवळच्या त्या पाटणच्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढल्याची नोंद आहे, १२०७ची. तिथे मी मुलांना घटिकापात्राची गोष्ट सांगते. बुडाला बारीक भोक असलेली वाटी पाण्यात सोडायची, ती भरून बुडाली की एक घटिका झाली. आपल्या हिशेबाने चोवीस मिनिटं, दिवसाच्या साठ घटिका. मागच्या वर्षी ओढ्यावर डब्याच्या झाकणाला खिळ्याने भोक पाडून मुलांनी ते करून पाहिलं. झाकण अर्धं भरलं तेव्हा सगळी ओरडली, 'अर्धी झाली!' किती गेली आणि किती उरली हे एकदम दिसणं, ते काट्यांच्या घड्याळात असतं. मला ते हवं असतं. खासकरून दुखण्यानंतर.

राहिलेले मुद्दे. कामाच्या हातात बँड घातला की भाकरी थापताना, फळ्यावर लिहिताना पन्नास-शंभर पावलं जास्त पडत असतील. पडू देत, मला ठोक्यांशी काम आहे, आणि बँड कोणत्या हातात आहे हे त्याच्या ॲपमध्ये सांगता येतं. लोहचुंबकाचं म्हणाल तर चार्जर स्वयंपाकघरात असतो आणि घड्याळ झोपायच्या खोलीत. यावर आणखी लिहिण्यासारखं मला काही दिसत नाही.

'अभ्यास करून लिहीत जा' याला मात्र उत्तर देते. स्वतःच्या मनगटावर तीन वर्षं रोज घातलेल्या दोन वस्तूंबद्दल मी लिहिलं. मे महिन्यात जळगावचा पारा पंचेचाळीसला टेकतो तेव्हा बँडच्या रबरी पट्ट्याखाली घामोळं येतं आणि एचएमटीचा स्टीलचा पट्टा चटका देतो, हे कुठल्या पुस्तकात वाचून मी लिहिलं नव्हतं. आंघोळीच्या वेळी दोन्ही काढते तेव्हा दोन्ही मनगटांवर पांढरे पट्टे दिसतात. याहून वेगळा अभ्यास तुम्हाला अपेक्षित असेल तर तो तुम्ही करा आणि लिहा, मी वाचेन. पण ज्याने बँड कधी घातला नाही आणि घड्याळ कपाटात ठेवलं, त्याने मला अभ्यास शिकवू नये. हे कडक वाटेल. वाटू दे.

आणि आता तुमच्या त्या कपाटाबद्दल, कारण सगळ्यात जास्त मला तेच लागलं. बाबा गेल्यावर मीही तेच केलं होतं. त्यांचं घड्याळ आईच्या लुगड्यांमध्ये मऊ कापडात गुंडाळून ठेवलं. चार वर्षं. मला वाटायचं, जपते आहे. दुखण्याच्या दिवसांत एका रात्री झोप येईना म्हणून काढलं, चावी दिली, तर सेकंदकाटा दोन घरं सरकला आणि थांबला. हलवलं, पुन्हा दोन घरं. त्या रात्री मी जेवढी रडले तेवढी बाबा गेले त्या दिवशीही रडले नव्हते. दुसऱ्या दिवशी घड्याळजीकडे नेलं. त्याने डोळ्याला भिंग लावून मागचं झाकण उघडलं आणि म्हणाला, ताई, मोडलं काही नाही, तेल आटून चिकट झालंय. घड्याळ चालतं राहिलं पाहिजे, ठेवून दिलं की असंच होतं. त्याने सगळं सुटं करून धुतलं, नवं तेल घातलं. घ्यायला गेले तेव्हा त्याने ते आधी स्वतःच्या कानाला लावलं, मग माझ्या हातात दिलं. तेव्हापासून मी रोज पहाटे चावी देते. अंगठा आणि तर्जनीत ती बारीक खाचांची चावी धरायची, पंचवीस-तीस वेळा फिरवायची, शेवटी ती हळूच अडते, तिथे थांबायचं. सेकंदाला पाच टिकटिक. एवढ्यात दुसऱ्या हातावर बँड ठोके दाखवत असतो. दोन्हीकडे एकदा बघते आणि तलावावर निघते.

एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करायचा निर्णय सरकारने २०१६मध्ये घेतला. नवीन येणार नाहीत. तुमच्या वडिलांचं घड्याळ काढा, दादा. काढल्या काढल्या चावी मात्र देऊ नका, आत तेल सुकलं असेल तर दाते झिजतील. आधी घड्याळजीकडून उघडून धुऊन घ्या. धुळ्यात कुणी सापडलं नाही तर मला कळवा, जळगावला फुले मार्केटच्या मागे जो बसतो त्याची खूण सांगते. सोमवारी तो नसतो.