आवाज काढून वाच

मुलांना रोज रात्री झोपताना पुस्तक वाचून दाखवावं, असं ज्याने कुणी पहिल्यांदा सुचवलं त्याला स्वतःला मुलं नसावीत. असलीच तर वाचायचं काम त्याची बायको करत असावी. आमच्या घरी ते माझ्याकडे आलं, कारण पोळ्या मला येत नाहीत, गृहपाठ घेताना माझा आवाज चढतो, आणि उरलेल्या कामांत पडल्या पडल्या करण्यासारखं हे एकच होतं.

चित्रांची पुस्तकं होती तोवर बरं चाललं होतं. पानावर दोन ओळी, शेवटच्या पानावर ससा झोपायचा, पाठोपाठ लेक झोपायची, आणि बऱ्याचदा तिच्याही आधी मी. पण दुसरीत गेल्यावर बाईसाहेबांना ‘चॅप्टर बुक’ लागायला लागलं. म्हणजे साठ-सत्तर पानं, मोठा टाइप, मधूनमधून एखादं काळंपांढरं चित्र आणि छोटी छोटी प्रकरणं. छोटी म्हणून हुरळून जाऊ नका. प्रत्येक प्रकरण नेमकं अशा जागी संपतं, की तिथे दिवा मालवायला काळजाच्या जागी दगडच हवा. ‘बाबा, तिने आत्ता फोन उचललाय! आणि तू पुस्तक मिटतोस?’

बरं, या पुस्तकांचे नायक-नायिका म्हणजे एकजात द्वाड. शहाण्या मुलावर सत्तर पानं लिहून होत नाहीत, हे मलाही पटतं. पण झोपायच्या वेळी हे असलं वाचून जगातलं कुठलं पोर झोपणार?

आमच्याकडे पहिली आली ती ज्युनी बी. जोन्स. अमेरिकेच्या बार्बरा पार्कबाईंनी १९९२ साली तिला जन्माला घातलं. वय जवळजवळ सहा, इयत्ता बालवाडी. ‘बी’ म्हणजे बिअ‍ॅट्रिस, पण ते नाव तिला आवडत नाही, म्हणून नुसतं ‘बी’, विषय संपला. शिक्षिकेलाही आडनाव आहे, पण हिला ‘मिसेस’ एवढंच पुरतं, तोही विषय संपला. पहिल्याच पुस्तकात तिला कुणीतरी सांगतं की परतीच्या बसमध्ये मुलं डोक्यावर चॉकलेटचं दूध ओततात. ती बसमध्ये बसतच नाही, वर्गातल्या सामानाच्या कपाटात लपून राहते. सगळे गेल्यावर शाळाभर एकटी हिंडते. मग तिला जोराची लागते, बघते तर स्वच्छतागृहाला कुलूप. तेव्हा ती आग, अपघात आणि दरोड्यासाठी राखून ठेवलेल्या ९११ नंबरला फोन लावते.

माझी आई त्याच खोलीत झोपते. ती निवृत्त शिक्षिका आहे, आणि कवळी काढून वाटीत ठेवली की तिचे शेरे थोडे बोबडे होतात, पण कमी होत नाहीत.

‘शाळेला शिपाई नाही का रे?’

‘आहे गं, पुढे येतो.’

‘आणि ती मिसेस? मुलं मोजून बसमध्ये नको बसवायला? आम्ही सहलीला दर स्टॉपला मोजायचो.’

‘आजी, शूऽऽ. बाबा, आवाज काढून वाच.’

खरी सक्तमजुरी ती ही. सरळ वाचलेलं चालत नाही, प्रत्येक पात्राला स्वतंत्र आवाज लागतो. मुख्याध्यापक घोगरे, मिसेस दमलेल्या (हा मला उत्तम जमतो), आणि ज्युनी बी. किनरी. कालचा आवाज आज बदलला की लगेच हरकत येते. एके सकाळी लिफ्टमध्ये शेजारच्या काकूंनी फार आपुलकीने विचारलं, ‘पाहुणे आलेत का हो? रात्री लहान मुलीचा आवाज येतो, जरा चिरका.’ मी हो म्हणालो. काय सांगणार?

शिवाय ज्युनी बी.चं व्याकरण. ती ‘रॅन’ न म्हणता ‘रन्ड’ म्हणते, आणि ‘बेस्ट’वर तिचं भागत नाही म्हणून ‘बेस्टेस्ट’. यावरून अमेरिकेतले पालकही कुरकुरले होते. तिची उद्धट भाषा आणि उचापती हेही तक्रारीत होतंच. २००० ते २००९ या दशकात तिकडच्या शाळा-ग्रंथालयांतून ज्या पुस्तकांवर सगळ्यात जास्त आक्षेप आले, त्यांच्या यादीत हे बालवाडीचं पोर आहे. त्या पालकांना मी इथून नमस्कार करतो. ज्या शाळेची फी भरताना माझा अंगठा मोबाइलवर थरथरतो, त्या शाळेने शिकवलेलं इंग्रजी रात्री मीच माझ्या तोंडाने पुसायचं! म्हणून मी वाचताना गुपचूप ‘रॅन’ म्हणायला लागलो. लेक पुस्तकात नाक खुपसून होती. ‘रन्ड आहे ते. नीट वाच.’

आईने तिचीच बाजू घेतली. म्हणाली, ‘हीसुद्धा तीन वर्षांची असताना मी करलं, मी देलं म्हणायची. तेव्हा तू मोबाइलवर रेकॉर्ड करून अख्ख्या खानदानाला पाठवत होतास.’

या मालिकेतलं माकडाचं पुस्तक मात्र मी स्वखुशीने दोनदा वाचलं. ज्युनी बी.ला भाऊ होतो. दवाखान्यातून आलेली आजी कौतुकाने सांगते, काय गोडुलं माकड आहे! झालं. ही वर्गात जाहीर करते की आमच्याकडे खरंखुरं माकड जन्माला आलंय. मग ते आधी कुणी बघायचं यावरून ल्युसिल आणि ग्रेस या दोन मैत्रिणींत बोली लागते, आणि त्या आपल्याकडच्या वस्तू हिला देत सुटतात. आता मला सांगा, यात पोरीने नेमकी काय खोडी काढली? आजी माकड म्हणाली, तिने माकड सांगितलं. या पुस्तकांतल्या निम्म्या उचापती अशाच असतात. मोठी माणसं तोंडाला येईल ते बोलतात, आणि पोर त्यावर विश्वास ठेवतं.

हे मी तेव्हा हसत हसत वाचलं. पुढच्याच महिन्यात पालकसभेला लेकीच्या बाईंनी मला खुर्ची पुढे ओढायला लावली आणि आवाज खाली आणून विचारलं, ‘घरी सगळं ठीक आहे ना?’ मग ‘माझे बाबा’ या निबंधाची वही समोर सरकवली. त्यात लिहिलं होतं: ‘माझे बाबा कामाला जात नाहीत. ते दिवसभर घरी बसून माझा स्क्रीन दिसतोय का असं विचारतात. कुणालाच दिसत नाही. आजी म्हणते त्याचं कंबरडं मोडलंय. आई म्हणते ईएमआयनी मोडलंय.’ बाईंनी मला समुपदेशकांचा नंबर दिला. वहीतलं एकही वाक्य खोटं नव्हतं, त्यामुळे मला तो घ्यावा लागला.

ज्युनी बी. संपल्यावर वाटलं सुटलो. तर ग्रंथालयातून ‘हॉरिड हेन्री’ आला. फ्रान्सेस्का सायमन यांचा हा इंग्रज कार्टा १९९४ पासून धुमाकूळ घालतोय. त्याला परफेक्ट पीटर नावाचा धाकटा भाऊ आहे, जो भाज्या खातो आणि प्लीज-थँक्यू म्हणतो. आई पलंगावर उठून बसली. ‘इतक्या दिवसांत एक शहाणं मूल आलं बघ!’ लेकीच्या मते पीटरला शिक्षा व्हायला हवी. त्या दोघींचं भांडण रात्री साडेदहापर्यंत चाललं, मी मध्ये पुस्तक छातीवर घेऊन पडून होतो.

आई-बाप म्हणून वाचताना आपली नजर नको तिथे जाते. इंग्लंडच्या रिचमल क्रॉम्प्टनचा विल्यम घ्या. त्याचं पहिलं पुस्तक १९२२ साली आलं, शेवटचं १९७० साली, आणि या सगळ्या काळात गडी अकरा वर्षांचाच राहिला. मुलं म्हणतात, काय मज्जा! मला आठवते मिसेस ब्राउन, त्याची आई, बिचारी मोजे रफू करत बसलेली. ४८ वर्षं अकरा वर्षांचं पोर सांभाळायचं! तशा या गोष्टी आधी मोठ्यांच्या मासिकांत छापून यायच्या, म्हणजे तिचं दुःख कळणारे वाचक तेव्हा होते.

फ्रेंच निकोलाचे मात्र आमच्यावर उपकार आहेत. गोसिनी लेखक, साँपे चित्रकार. १९५९ पासून एका वर्तमानपत्राच्या रविवार आवृत्तीत या गोष्टी येऊ लागल्या. त्यात आन्यां नावाचा हुशार मुलगा आहे, बाईंचा लाडका. सगळ्यांना त्याला बदडायचं असतं, पण त्याला चष्मा आहे म्हणून मनासारखं बदडता येत नाही. लेकीला नुकताच चष्मा लागला होता आणि ती तो दप्तरातून बाहेर काढत नव्हती. दुसऱ्या दिवसापासून तिच्या नाकावरून तो उतरेना. नेत्रतज्ज्ञ, मी आणि गाजरं, तिघांना जे जमलं नाही ते फ्रेंचांनी केलं.

‘आपल्यात काय द्वाड मुलं नाहीत?’ असं म्हणून मध्यंतरी आईने ‘श्यामची आई’ काढली. श्याम पोहायला जायचं चुकवून लपून बसतो इथपर्यंत लेक खूश होती. मग त्याला आई शिंपटीने मारते, आणि मग सगळेच रडतात. पुढे तो चोरी करतो, तीही पुस्तकांसाठी. ‘चॉकलेटसाठी नाही?’ लेकीने दोनदा विचारून खात्री करून घेतली. दिलीप प्रभावळकरांचा बोक्या सातबंडे तिला आवडला, खूपच आवडला. पण बोक्याच्या भानगडीतूनही शेवटी कुणाचं तरी भलं होतं. माझं आपलं मत: आपले लेखक खोडीलाही कामाला लावतात. ज्यातून कुणाचं काहीही भलं होत नाही, अशी शुद्ध, निरुपयोगी, डोक्यावर चॉकलेटचं दूध ओतण्याच्या तोलामोलाची खोडी मराठीत आणखी हवी. हे मी आईसमोर बोललो नाही.

लेकीसमोर बहुधा बोललो असणार. कारण गेल्या आठवड्यापासून तिने स्वतःच लिहायला घेतलंय. जुन्या वह्यांची कोरी पानं स्टेपल केलेली, मुखपृष्ठावर चष्मा लावलेली मुलगी, खाली ‘भाग १’. भाग एक! रात्री ते तिने उशाशी आणलं.

‘वाचून दाखव ना,’ आई बोबडी म्हणाली.

‘अजून नुसती प्रकरणांची नावं लिहिलीयेत.’

‘मग नावं वाच.’

‘आवाज काढून?’

‘काढ.’

लेकीने घसा साफ केला. ‘प्रकरण पहिलं: आजीचे दात. प्रकरण दुसरं: वाटी रिकामी. प्रकरण तिसरं: मी नाही घेतले. प्रकरण चौथं: मनीप्लांटच्या कुंडीत काय चमकतंय?’

चौथं ऐकायला आई खोलीत नव्हती.