ब्रिटनला जा, पण डिसेंबरातच

उन्हाळ्यात ब्रिटनला जाणाऱ्यांची मला कीव येते. रात्री नऊ-साडेनऊपर्यंत उजेड, म्हणजे पायांचे तुकडे पडेपर्यंत हिंडायचं. तुम्ही शहाणे असाल तर सॅक पाठीवर टाका आणि डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात जा. लंडनमध्ये तेव्हा चार वाजायच्या आत सूर्य मावळतो, स्कॉटलंडमधल्या इनव्हर्नेसला तर साडेतीनच्या सुमारास. जेवून जरा वामकुक्षी घेतली की दिवस संपला. निम्मी स्थळं आपोआप गळतात, तेवढेच पैसे वाचतात.

छत्री न्याच. आपली पावसाळी, लाकडी मुठीची. तिथला पाऊस वरून पडत नाही, समोरून येतो, त्यामुळे पहिल्याच वळणावर छत्रीची सॅटेलाइट डिश होते. वादळी दिवशी रस्त्यावरच्या कचरापेट्यांतून काड्या बाहेर आलेल्या छत्र्या दिसतात. आपलीही तिथेच अर्पण करावी. रेनकोट मात्र लक्ष्मी रोडवरूनच घ्या. दुकानदाराने ‘ताई, थेंब आत आला तर पैसे परत’ असं सांगितलेलं असतं. ते पैसे मागायला केसविकहून पुण्याला कोण येणार?

केसविक हे उत्तर इंग्लंडातल्या लेक डिस्ट्रिक्ट या डोंगर-तळ्यांच्या भागातलं गाव. तिथे रेल्वे नाही, पेनरिथला उतरून बस धरायची. तिथे गेलात तर सीथवेट चुकवू नका. इंग्लंडमधल्या वस्ती असलेल्या ठिकाणांत सगळ्यात जास्त पाऊस तिथे पडतो, वर्षाला साधारण ३,५०० मिलिमीटर. आपल्या महाबळेश्वराला याहून कितीतरी जास्त पडतो, पण तो चार महिन्यांत उरकून मोकळा होतो. सीथवेटचा पाऊस सरकारी नोकरीतला, बारा महिने हजर. पाहायला तिथे काय आहे? दगडी भिंती, मेंढ्या आणि ढग. मेंढ्या आपल्याकडे पाहतात तेव्हा त्यांच्या नजरेत स्पष्ट प्रश्न असतो. मी २३ तारखेला गेले. परतले तेव्हा रेनकोटच्या आतल्या बाजूने पाणी बाहेर येत होतं.

मग येते प्रवाशांच्या हॉस्टेलची ड्रायिंग रूम, म्हणजे ओले कपडे वाळवायची खोली. ब्रिटनमधलं खरं प्रेक्षणीय स्थळ हेच, पण गाइडबुकवाले ते दडवून ठेवतात. बिनखिडकीची छोटी खोली, गरम पाइप, दोऱ्यांवर लटकलेले पाच-सहा देशांचे मोजे, आणि ओला कुत्रा न्हाऊन शेकोटीपाशी बसावा तसा वास. बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे असतात, हे मला तिथल्या एका वेल्श आजोबांनी दाखवलं. सत्तरीचे असतील, सायकलवर आले होते. ‘राजकारणाचं पान जास्त पाणी शोषतं,’ असं ते अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाले. सकाळी माझा एक मोजा पापडासारखा कडक झालेला होता. दुसरा गायब, आणि त्याच्या जागी कुणाचा तरी करडा, लोकरीचा, माझ्या दीडपट. घातला. करणार काय?

आता सगळ्यात महत्त्वाचा सल्ला: २५ डिसेंबरला प्रवास ठरवा. त्या दिवशी देशभरात रेल्वे बंद, लंडनची ट्यूब, म्हणजे भुयारी रेल्वेही बंद. मला हे माहीत नव्हतं. तिकिटाच्या वेबसाइटवर गाडीच दिसेना, तेव्हा मी चूक वेबसाइटची समजून पाच वेळा रिफ्रेश करत बसले. स्कॉटलंडला गेलात तर आणखी मजा, तिथे २ जानेवारीलाही सुट्टी असते. एका दिवसात उतरत नसावी.

दुकानं बंद म्हणून उपाशी राहाल असं वाटेल. काळजी नको. हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात एक फळी असते, आधीच्या पाहुण्यांनी मागे ठेवलेल्या वस्तूंची. त्या दिवशी तिच्यावर अर्धं पाकीट मसूर, मूठभर पास्ता आणि चार मिन्स पाय होते. मिन्स पायला शाकाहाऱ्यांनी घाबरू नये, नावात खिमा असला तरी आत बेदाणे आणि सुका मेवा असतो. (चरबी कसली घातलीय ते मात्र पाकिटावर वाचा. वाचलंत तर खाणार नाही, म्हणून मी आधी खाल्ला.)

मी मसूर शिजत लावला. सॅकच्या तळाशी गोडा मसाल्याची पुडी आणि चार आमसुलं होती, आईने ‘असू दे गं’ म्हणून कोंबलेली. गूळ नव्हता, चहाची साखर घातली. फोडणीला मोहरी तडतडली आणि धुराचा भोंगा वाजला. सगळं हॉस्टेल पायजम्यात खाली आलं. मी सॉरी म्हटलं, तेही सॉरी म्हणाले. तिथे पायावर पाय पडला तर ज्याचा चेंगरतो तोसुद्धा सॉरी म्हणतो. पण वास आमटीचा होता, त्यामुळे कुणी परत वर गेलं नाही.

आजोबा वाडगा घेऊन समोर बसले. ब्रेड बुडवून खाल्ला, वाडगा पुसून घेतला आणि म्हणाले, ‘नॉट टू बॅड.’ चेहरा पडू देऊ नका, ही तिथली पहिल्या नंबरची शाबासकी आहे. मी आणखी एक पळी वाढली. मग ते शेकोटीकडे सरकले, बूट काढले आणि पाय लांब केले.

उजव्या पायात करडा लोकरीचा मोजा. डाव्या पायात माझा, किरमिजी, टाचेपर्यंतसुद्धा न पोचलेला.

त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं. मी त्यांच्या पाहिलं.

‘आज जरा गारवा आहे नाही?’ ते म्हणाले.

‘हो ना,’ मी म्हटलं, ‘वाराही सुटलाय.’