"हेलिकॉप्टर दगडासारखं पडतं" म्हणणाऱ्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

कुठेही हेलिकॉप्टर कोसळलं की दुसऱ्या दिवशी एक मेसेज फिरू लागतो. जून २०२५ मध्ये केदारनाथच्या अपघातानंतर तो पुन्हा गटागटांतून आला. मजकूर थोडक्यात असा: विमानाचं इंजिन बंद पडलं तर ते तरंगत खाली येतं, हेलिकॉप्टर मात्र दगडासारखं पडतं. सगळा डोलारा एका नटावर लटकलेला असतो. ऐंशी वर्षांत पात्यांमध्ये काहीच सुधारणा झाली नाही, फक्त इंजिनं मोठी झाली. आणि अमेरिकेने विमानाच्या पंखांना फिरते रोटर लावून ऑस्प्रे बनवलं, तेही उडती शवपेटी ठरलं. म्हणजे हे तंत्रच फसलेलं आहे.

केदारनाथच्या त्या अपघातात सात जण गेले. त्यांत यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीचं एक कुटुंब होतं, लहानग्या मुलीसह. अशा बातमीनंतर माणसं घाबरणारच, त्यात त्यांचा दोष नाही. पण भीती भलत्याच गोष्टीची बसली की खरा धोका नजरेआड होतो. म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

"इंजिन बंद, म्हणजे दगड"

हा मुद्दा सगळ्यात जास्त पसरलेला आहे आणि सगळ्यात जास्त चुकीचाही.

हेलिकॉप्टरचं पातं म्हणजे फिरणारा पंख. त्यावरून हवा वाहत राहिली की तो वर उचलणारा जोर देतो. त्याला इंजिन फिरवतंय की हवा, याच्याशी पात्याला देणंघेणं नाही. इंजिन आणि रोटर (म्हणजे फिरणाऱ्या पात्यांचा संच) यांच्यामध्ये फ्रीव्हील असतं, सायकलच्या मागच्या चाकात असतं तसंच: पायडल थांबलं तरी चाक फिरत राहतं. इंजिन मंदावलं की रोटर आपोआप त्याच्यापासून सुटा होतो. त्याच क्षणी पायलट डाव्या हातातला कलेक्टिव्हचा दांडा खाली दाबतो आणि सगळ्या पात्यांचा कोन एकदम कमी होतो. हेलिकॉप्टर खाली येऊ लागतं, खालून वर जाणारी हवा पात्यांना फिरवत ठेवते. पात्याचा मधला भाग त्या हवेतून ताकद घेतो आणि टोकाकडचा भाग ती खर्च करून यंत्राला तोलून धरतो. शेपटीचा रोटर मुख्य रोटरला गिअरने जोडलेला असल्याने तोही फिरत राहतो, म्हणून दिशा हातातून जात नाही. याला ऑटोरोटेशन म्हणतात.

खाली येण्याचा वेग साधारण सेकंदाला आठ ते दहा मीटर असतो. जमीन जवळ आली की पायलट नाक वर घेऊन पुढचा वेग मारतो. मग फिरत्या पात्यांत साठलेली ताकद वापरून, कलेक्टिव्ह वर खेचून, अलगद टेकतो. विमानाशी तुलना करायचीच तर दोन्ही बाजू मांडायला हव्यात. एक किलोमीटर उंचीवरून हेलिकॉप्टर अंदाजे चार किलोमीटर पुढे जाऊ शकतं, प्रवासी विमान पंधरा-सतरा. पण विमानाला टेकताना ताशी दोनशे किलोमीटरहून जास्त वेग लागतो आणि त्यासाठी धावपट्टी लागते. हेलिकॉप्टरला एखादं मोकळं शेत पुरतं.

याचं सगळ्यात जबरदस्त उदाहरण २१ जून १९७२ चं आहे. फ्रेंच चाचणी वैमानिक जाँ बूले याने लामा जातीचं हेलिकॉप्टर १२,४४२ मीटरवर नेलं, म्हणजे एव्हरेस्टच्याही साडेतीन किलोमीटर वर. वजन वाचवण्यासाठी आतलं अनावश्यक सामान काढून टाकलं होतं. बाहेर उणे ६० अंशांपेक्षाही कडक थंडी. त्या उंचीवर ताकद कमी करताच इंजिन विझलं आणि पुन्हा पेटेना. बूले एकाच इंजिनाचं ते यंत्र, इंजिन बंद असताना, बारा किलोमीटर खाली घेऊन आला आणि जमिनीवर सुखरूप उतरवलं. एकाच उड्डाणात उंचीचा विक्रमही झाला आणि सर्वांत लांब ऑटोरोटेशनचाही. आपल्यासाठी त्यात आणखी एक जवळीक आहे. लामा मुळात भारतीय सैन्यदलांच्या मागणीवरून, हिमालयातल्या उंचीसाठी तयार झालं. पुढे हिंदुस्तान एरोनॉटिक्सने तेच परवान्याने बनवलं, चीता नावाने. सियाचिनच्या चौक्यांवर वर्षानुवर्षं रसद नेणारं आणि जखमींना खाली आणणारं ते हेच.

ऑटोरोटेशनला मर्यादा आहेत, त्या लपवायचं कारण नाही. जमिनीपासून वीस-पन्नास मीटरवर एका जागी तरंगत असताना इंजिन गेलं तर रोटरला हवेतून ताकद घ्यायला उंचीही नसते आणि वेगही नसतो. प्रत्येक हेलिकॉप्टरच्या पुस्तिकेत उंची आणि वेग यांचा एक आलेख असतो, त्यात हा पट्टा टाळायला सांगितलेला असतो. हलक्या रोटरच्या छोट्या यंत्रांत दांडा खाली दाबायला जेमतेम सेकंद-दीड सेकंद मिळतो. म्हणूनच हेलिकॉप्टर पायलटच्या प्रशिक्षणात ऑटोरोटेशन पुन्हा पुन्हा घोटून घेतात.

आता माणसं कशाने जातात ते पाहा. ८ डिसेंबर २०२१ ला कुन्नूरजवळ जनरल बिपिन रावत यांचं एमआय-१७ कोसळलं. चौकशीत यांत्रिक बिघाड नाकारला गेला. दरीत हवामान अचानक बदललं, यंत्र ढगात शिरलं, पायलटचं दिशाभान गेलं आणि चालू इंजिनांसह ते डोंगरावर आदळलं. केदारनाथच्या अपघाताच्या पहाटेही दरीत ढग दाटले होते, असं प्रशासनाने तेव्हाच सांगितलं. यात्रेला निघालेल्याने चौकशी करायचीच तर ढग, दृश्यता, वजन आणि पायलटवर फेऱ्या उरकण्याचा दबाव आहे का, याची करावी. इंजिनाचा नंबर त्यानंतर लागतो.

"सगळं एका नटावर लटकलेलं"

हे अर्धसत्य आहे, आणि ते जुनं आहे. व्हिएतनाम युद्धातल्या बेल कंपनीच्या दोन पात्यांच्या ह्यूई हेलिकॉप्टरांवर रोटरच्या माथ्यावर खरोखरच एक मोठा नट असे. तो सुटला तर देवाचा धावा करणं एवढंच हातात उरतं, म्हणून सैनिक त्याला जीझस नट म्हणत. नाव गाजलं, त्यावरच हा मेसेज उभा आहे. पण आज जगभर रुग्णवाहिका म्हणून उडणाऱ्या ईसी-१३५ मध्ये रोटरचा मधला भाग आणि त्याचा उभा दांडा एकसंध आहेत. प्रत्येक पातं त्याला दोन बोल्टांनी जोडलेलं असतं. माथ्यावरचा तो नट तिथे नाहीच.

मात्र नट नाही म्हणजे चिंता नाही, असं सांगणं हीसुद्धा दिशाभूल ठरेल. रोटर हवेत सुटून गेल्याची घटना घडलेली आहे. २९ एप्रिल २०१६ ला नॉर्वेत, समुद्रातल्या गुलफाक्स बी या तेलफलाटावरून बर्गनकडे येणाऱ्या एच-२२५ हेलिकॉप्टरचा अख्खा रोटर तुरॉय बेटाजवळ सुटला. तेरा जण होते, कुणीही वाचलं नाही. तपासात सापडलं ते असं: मुख्य गिअरबॉक्समधल्या एका छोट्या ग्रहचक्राला, म्हणजे मधल्या गिअरभोवती फिरणाऱ्या चाकाला, पृष्ठभागावर बारीक खड्डा पडला आणि तिथून धातूच्या आत तडा वाढत गेला. असा तडा वाढताना तेलात धातूचे कण यायला हवेत. ते पकडायला तेलाच्या मार्गात चुंबक बसवलेले असतात. पण हा तडा आतल्या आत इतका गुपचूप वाढला, की इशारा देण्याइतके कण आलेच नाहीत.

दोन-तीन इंजिनं लावता येतात, हायड्रॉलिकच्या दोन-तीन वाहिन्या ठेवता येतात, पण मुख्य गिअरबॉक्स एकच असतो. आपल्याकडे ५ जानेवारी २०२५ ला पोरबंदरला तटरक्षक दलाचं ध्रुव कोसळलं, तीन जण गेले आणि देशातली सगळी ध्रुव हेलिकॉप्टरं जमिनीवर उभी करावी लागली. तिथे तपासात स्वॉशप्लेट तुटल्याचं समोर आलं. एक स्थिर आणि एक फिरती अशा या दोन चकत्या पायलटच्या हाताची हालचाल फिरत्या पात्यांपर्यंत पोहोचवतात. त्यांचीही दुसरी जोडी नसते. माझ्या मते हेलिकॉप्टर अभियांत्रिकीतलं सगळ्यात कठीण आणि सगळ्यात कमी चर्चेत असलेलं काम इथे आहे: जे एकच असू शकतं, ते तुटण्याआधी ओळखायचं कसं. एका नटाची गोष्ट सांगून आपण हा मोठा प्रश्न झाकून टाकतो.

"पाती ऐंशी वर्षं तशीच"

लांबून पाहिलं तर तशीच दिसतात. जवळून पाहायचं तर सुरुवात हेलिकॉप्टरच्याही आधीपासून करावी लागते.

स्पॅनिश अभियंता हुआन दे ला सिएर्वा याचं तीन इंजिनांचं विमान १९१९ मध्ये वेग कमी पडून कोसळलं. त्याने ठरवलं, पंखच फिरता ठेवायचा, म्हणजे विमानाचा वेग पडला तरी पंखावरची हवा थांबणार नाही. त्याच्या ऑटोजायरोत इंजिन फक्त पुढे ओढायला होतं, वरचा रोटर हवेनेच फिरे. म्हणजे ते यंत्र कायम ऑटोरोटेशनमध्येच उडे. पण त्याची पहिली यंत्रं एका कुशीवर कलंडत. कारण पुढे जाताना एका बाजूचं पातं समोरच्या हवेत घुसतं आणि जास्त जोर देतं, दुसऱ्या बाजूचं हवेपासून पळतं आणि कमी देतं. गंमत अशी की त्याचं छोटं नमुना-यंत्र नीट उडत होतं, कारण त्याची पाती वेताची, लवचिक होती. तिथून त्याला सुचलं की पातं मुळाशी बिजागरीवर बसवावं आणि वर-खाली हलू द्यावं. जास्त जोर आला की पातं वर उचललं जातं आणि तो जादा जोर तिथेच विरतो. जानेवारी १९२३ मध्ये माद्रिदजवळ खेताफेला त्याचं सी-४ सरळ उडालं.

त्यानंतरची कित्येक दशकं त्या बिजागरीच्या मागे लागण्यात गेली. बिजागरी म्हणजे बेअरिंग, बेअरिंग म्हणजे ग्रीस, झीज, देखभाल. १९६७ मध्ये उडालेल्या जर्मन बीओ-१०५ ने वर-खाली हलण्यासाठीची बिजागरीच काढून टाकली. टायटॅनियमचा मधला भाग घेतला आणि काचतंतूंची पाती स्वतःच वाकू दिली. धातूचं पातं असं रोज लाखो वेळा वाकवलं तर थकून तुटतं. तंतूंचं पातं ते सोसतं. बीओ-१०५ बनवणाऱ्या कंपनीच्या सहकार्याने आपलं ध्रुव बनलं, २० ऑगस्ट १९९२ ला पहिल्यांदा उडालं. त्याच्या रोटरच्या मधोमध कार्बन तंतूंच्या दोन चकत्या आहेत, त्यांत चार पाती रबर-धातूच्या थरांच्या बेअरिंगवर धरलेली आहेत, ज्यांना ग्रीस लागत नाही. फ्रेंचांनी वेगळी वाट धरली, तारकेच्या आकाराचा काचतंतूंचा स्टारफ्लेक्स. तो रोटर असलेलं एएस-३५० हे हेलिकॉप्टर १४ मे २००५ ला एव्हरेस्टच्या माथ्यावर टेकलं.

पात्याची टोकंही बदलली. हेलिकॉप्टरचा ओळखीचा फटफट आवाज बराचसा येतो तो एका पात्याने सोडलेल्या भोवऱ्यावर मागून येणारं पातं आपटतं म्हणून. जुहू विमानतळाच्या आसपास राहणाऱ्यांना तो पाठ असेल. एच-१६० या हेलिकॉप्टरची पाती टोकाकडे आधी पुढे आणि मग मागे वळतात, त्यामुळे संपूर्ण पातं एकाच क्षणी त्या भोवऱ्यावर आदळत नाही.

मग वेग का वाढला नाही, हा प्रश्न रास्त आहे. ११ ऑगस्ट १९८६ ला इंग्लंडमध्ये वेस्टलँड लिंक्सने ताशी ४००.८७ किलोमीटर गाठले, तेही खास वल्ह्यासारख्या रुंद टोकांच्या पात्यांमुळे, आणि साध्या हेलिकॉप्टरसाठी तो विक्रम अजून उभा आहे. हिशेब मांडून पाहा. पात्याचं टोक सेकंदाला सुमारे २२० मीटरने फिरतं. यंत्र ताशी ४०० ने पुढे जातं, म्हणजे सेकंदाला १११ मीटर. पुढे जाणारं टोक ३३१ वर पोहोचतं, आवाजाच्या वेगाला खेटून. मागे जाणाऱ्या टोकाला उरतात १०९, आणि तिथे पात्याचा जोर तुटू लागतो. अभियंते झोपलेले नव्हते. भौतिकशास्त्राची भिंत आडवी आली. ती ओलांडायचे दोन मार्ग निघाले. एक, एकावर एक उलट फिरणारे दोन ताठ रोटर, म्हणजे दोन्ही कुशींना पुढे जाणारं पातं मिळतं. मागे ढकलणारा पंखा जोडून सिकोर्स्कीच्या एक्स-२ ने २०१० मध्ये तसं ताशी ४६० किलोमीटर गाठलं. दुसरा मार्ग टिल्टरोटरचा, म्हणजे उडाल्यावर रोटर पुढे वाकवून विमानाच्या पंख्यांसारखे वापरायचे. ऑस्प्रे त्यातलंच.

"ऑस्प्रे फसलं, म्हणजे तंत्र फसलं"

या मुद्द्यावर मेसेजची बाजू सगळ्यात मजबूत आहे, हे मान्य करायला हवं. व्ही-२२ ऑस्प्रेच्या अपघातांत साठहून अधिक माणसं गेली आहेत. शिवाय वर ऑटोरोटेशनबद्दल जे लिहिलं, ते ऑस्प्रेला जवळजवळ लागू पडत नाही. आपल्या वायुदलाकडचं चिनूक घ्या: साधारण तेवढ्याच वजनासाठी त्याचे दोन रोटर प्रत्येकी १८ मीटर व्यासाचे आहेत. ऑस्प्रेचे ११.६ मीटरचे, कारण तेच रोटर पुढे वाकून विमानाचे पंखे व्हायचे असतात. फिरणारी पाती हवेत जी चकती व्यापतात, ती चिनूकची ऑस्प्रेच्या अडीचपट भरते. एवढ्या लहान रोटरवर इंजिनाविना उभं उतरणं फार वेगाचं होतं. त्याची भरपाई दोन प्रकारे केली आहे: पंखातून जाणारा एक आडवा दांडा दोन्ही रोटर जोडतो, त्यामुळे एक इंजिन गेलं तरी दुसरं दोन्ही फिरवतं, आणि रोटर पुढे वाकलेले असतील तर यंत्र पंखांवर तरंगू शकतं.

पण साठ मृत्यूंचं कारण एकच होतं का? ८ एप्रिल २००० ला ॲरिझोनातल्या मराना इथे १९ मरीन सैनिक गेले. कमी वेगात झपाट्याने खाली येताना एक रोटर स्वतःच्याच खाली ढकललेल्या हवेच्या भोवऱ्यात अडकला, दुसरा नाही, आणि यंत्र उलटलं. त्यानंतर खास चाचण्या घेऊन ती सीमा मोजली गेली, कॉकपिटमध्ये इशारा आला, आणि सुटका करून घेण्याचा उपायही ठरला: रोटर थोडे पुढे वाकवायचे. हे साध्या हेलिकॉप्टरला जमत नाही. २०२२ मध्ये कॅलिफोर्नियात पाच जण गेले, इंजिन आणि गिअरबॉक्समधला क्लच घसरून झटक्याने पुन्हा पकडल्यामुळे. २९ नोव्हेंबर २०२३ ला जपानच्या याकुशिमाजवळ आठ जण गेले. तिथे रोटरच्या गिअरबॉक्समधलं एक दातेरी चाक तडकलं होतं. तिथे तेलातल्या कणांचे इशारे एकामागून एक येत होते आणि उड्डाण तरीही चालू राहिलं. म्हणजे रोटर वाकवण्याच्या कल्पनेने घेतलेले बळी आणि गिअर-क्लचने घेतलेले बळी वेगवेगळे आहेत. पहिल्यावर उत्तर सापडलं. दुसरं दुखणं नॉर्वेच्या साध्या हेलिकॉप्टरचंही होतं.

कल्पना फसली असती तर डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकी भूदलाने आपल्या पुढच्या हेलिकॉप्टरच्या जागी बेलचं व्ही-२८० हे टिल्टरोटरच निवडलं नसतं. ऑस्प्रेत रोटरबरोबर अख्खं इंजिन उभं-आडवं होतं. व्ही-२८० मध्ये इंजिन आडवंच राहतं, फक्त रोटर आणि त्याचा गिअर वाकतो. त्यामुळे इंजिनाची गरम हवा जमिनीवर मारली जात नाही आणि सैनिकांना बाजूच्या दारातून उतरता येतं. चाचण्यांत त्याने ताशी साडेपाचशे किलोमीटरचा टप्पा पार केला. मात्र दोन रोटर जोडणारा दांडा त्यातही आहे आणि वाकणारा गिअरबॉक्सही आहे. या यंत्राबद्दल शंका घ्यायचीच असेल तर त्या गिअरच्या पोलादाबद्दल घ्या, आणि तेलात कण दिसल्यावर यंत्र किती लवकर उतरवायचं या नियमाबद्दल घ्या.