मालवणात बसून आइस हॉकीचे जाणकार व्हा

आइस हॉकीवर अधिकारवाणीने बोलायचं असेल तर पहिली अट अशी, की आयुष्यात कधी बर्फावर पाय ठेवलेला नसावा. वेंगुर्ल्यापासून हर्णैपर्यंत ही अट सगळेच पुरी करतात. आपल्याकडे बर्फ म्हणजे टेम्पोतून येणारी लादी, बंदरावर मशीनमध्ये घालून केलेला तिचा चुरा आणि त्या चुऱ्याखाली दडपलेले बांगडे. त्यावर कोणी घसरलंच तर त्याला खेळाडू म्हणत नाहीत, रिक्षात घालून दवाखान्यात नेतात.

तेव्हा खेळ शिकत बसू नका. रिंक २०० फूट लांब, ८५ फूट रुंद. गोलकीपर धरून एका बाजूला ६ जण. २० मिनिटांचे ३ पीरियड. चेंडूच्या जागी रबराची चकती, तिला पक म्हणतात, आणि ती फार उसळू नये म्हणून सामन्याआधी गोठवून ठेवतात. एवढ्या भांडवलावर माणूस टपरीवर दोन तास सहज काढू शकतो. कोणी ऑफसाइडबद्दल विचारलंच तर "म्हणजे अजून ऑफसाइडवरच आहेस का तू?" असं म्हणून चहाचा घोट घ्यावा. खेळ कळायला लागला की माणूस सामना बघायला लागतो, आणि एकदा सामना बघायला लागला की तो वादाच्या कामातून गेला.

आता तुलनेसाठी दोन नवी पोरं हवीत. फॉरवर्डच, म्हणजे पुढे राहून गोल मारणारी घ्यावीत, बचाववाल्यांचं कौतुक करायला खेळ समजावा लागतो. एनएचएलचा, म्हणजे अमेरिका-कॅनडातल्या व्यावसायिक आइस हॉकी लीगचा, २०२४-२५ चा हंगाम या दृष्टीने अगदी भरल्या जाळ्याचा गेला. एका बाजूला मॅक्लिन सेलेब्रिनी. कॅनडाचा, जून २००६ चा जन्म, २०२४ च्या ड्राफ्टमध्ये (संघ पाळीपाळीने नवी पोरं निवडतात तो) पहिल्या क्रमांकावर उचललेला, सॅन होजे शार्क्सचा सेंटर, म्हणजे मधला फॉरवर्ड. दुसऱ्या बाजूला मात्वेई मिचकोव. रशियाचा, डिसेंबर २००४ चा, २०२३ च्या ड्राफ्टमध्ये सातवा, फिलाडेल्फिया फ्लायर्सचा विंगर, म्हणजे कडेचा फॉरवर्ड. एवढा गुणी पोरगा सातवा का, तर त्याचा सेंट पीटर्सबर्गच्या संघाशी २०२६ पर्यंत करार होता आणि तोवर वाट बघायची बऱ्याच संघांची तयारी नव्हती. करार २०२४ मध्येच सुटला. दोघंही एकाच ऑक्टोबरात बर्फावर उतरले.

गोलला एक गुण, आणि गोलसाठी पास देण्याला, म्हणजे असिस्टलाही एक. हंगाम संपला तेव्हा सेलेब्रिनीचे २५ गोल, ३८ असिस्ट. मिचकोवचे २६ गोल, ३७ असिस्ट. दोघांचे गुण ६३.

एखादा सरळमार्गी माणूस इथे म्हणेल, बरोबरी झाली, चला जेवायला. अशा माणसाला पुढच्या वेळी बोलावू नये.

आधी बाजू ठरवावी. ती ठरवताना आकड्यांकडे बघू नये, त्याने मन विचलित होतं. शार्क्सच्या जर्सीवर हॉकीची काठी चावणारा मोरीमासा आहे. ज्याच्या घरी रविवारी मोरीचं मटण शिजतं त्याने सेलेब्रिनीकडे जावं, हे उघड आहे. फ्लायर्सची जर्सी केशरी. तिच्यामागे जाणाऱ्यांना कारण विचारायची आपल्याकडे पद्धत नाही.

तरीही निर्णय होत नसेल तर घड्याळ बघा. फिलाडेल्फियात संध्याकाळचे ७ वाजतात तेव्हा हिवाळ्यात मालवणात पहाटेचे साडेपाच झालेले असतात. मिचकोवच्या चाहत्याला अंधारात उठावं लागतं. अशा वेळी रापणीला निघालेली माणसं सोडली तर सगळी वाडी घोरत असते. मोबाइलचा उजेड दिसला की आतल्या खोलीतून आजी विचारणार, "पोटात दुखता काय रे?" सॅन होजेत ७ वाजतात तेव्हा इथे सकाळचे साडेआठ. सेलेब्रिनीचा चाहता नीट झोपून उठतो, घावणे खात पहिला पीरियड बघतो, कामावर जाताना दुसरा, आणि तिसऱ्याच्या वेळी साहेब समोर असल्याने निकाल नंतर वाचतो. सेलेब्रिनीवाले शांतपणे बोलतात आणि मिचकोववाले दोन वाक्यांत आवाज चढवतात, त्यामागे बरीचशी ही झोपच आहे.

बाजू ठरली की आकडे कामाला लावायचे. सेलेब्रिनीवाल्यांनी सामन्यांची संख्या काढावी. त्याने ६३ गुण ७० सामन्यांत केले, मिचकोवने ८० सामन्यांत. म्हणजे सामन्यामागे ०.९० विरुद्ध ०.७९. दशांश चिन्ह आलं की अर्ध्या टपरीला घाम फुटतो. मिचकोववाल्यांनी घाबरू नये. त्यांनी खाली वाकून चपलेतली वाळू झटकावी आणि शांतपणे विचारावं, "८२ मधले बाकीचे १२ सामने कुठे होता तो?" पहिल्याच सामन्यात गोल करून तो दुखापतीने बसला, हे खरं. पण दुखापत हासुद्धा स्वभावाचाच भाग आहे, असं म्हणायला कुठे पैसे पडतात?

मिचकोव ८२ पैकी २ सामने बाहेर होता, तेही धडधाकट असताना. कोच जॉन टॉर्टोरेला यांनी नोव्हेंबरात त्याला बसवलं. सेलेब्रिनीवाल्यांनी हे सांगताना आवाज खाली आणावा, एखाद्याच्या घरची गोष्ट सांगतोय असा. मिचकोववाल्यांनी लगेच म्हणावं, की मार्चमध्ये त्या कोचलाच घरी पाठवलं. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध काय, हे कोणी विचारत नाही. विचारलं तर रेंज गेली म्हणावं, ती तशीही गेलेलीच असते.

असिस्टचा मुद्दा मात्र सर्वांनीच जपून ठेवावा, त्याच्यासारखं हत्यार नाही. हॉकीत एका गोलमागे दोघांपर्यंत असिस्ट मिळतो. म्हणजे गोल मारणारा, त्याला पास देणारा आणि त्या पास देणाऱ्याला पास देणारा, तिघांनाही एकेक गुण. तिसऱ्याने कधी सगळा बचाव फोडलेला असतो, तर कधी नुसती काठी पुढे केलेली असते. कागदावर दोन्ही सारखंच दिसतं. तेव्हा आपल्या पोराचे सगळे असिस्ट पहिल्या प्रकारचे आणि दुसऱ्याच्या पोराचे सगळे दुसऱ्या प्रकारचे, हे ठासून सांगावं. तपासायला कोणी सामना बघितलेला नसतो.

आकडे संपले की सेलेब्रिनीवाल्यांनी "तो सेंटर आहे" असं म्हणून समुद्राकडे बघावं. सेंटरला फेस-ऑफ, म्हणजे खेळ सुरू होताना पकसाठीची झटापट, घ्यावे लागतात, आपल्या गोलपर्यंत खाली येऊन मदत करावी लागते, हे सगळं खरंच आहे, आणि म्हणूनच हा मुद्दा वादात फार चालत नाही. खोटा मुद्दा जास्त टिकतो.

वयाचं मात्र छान रंगतं. मिचकोव दीड वर्षाने मोठा, रशियात बाप्यांबरोबर खेळून आलेला. सेलेब्रिनी बॉस्टन विद्यापीठातून आलेला, तिथे अमेरिकन कॉलेज हॉकीतला सर्वोत्तम म्हणून होबी बेकर पुरस्कार मिळवणारा सगळ्यात लहान खेळाडू. "हा शिकून आला, तो खेळून आला," असं म्हणायचं आणि गप्प बसायचं. आणखी वजन हवं तर सर्गेई मकारोवला बाहेर काढा. सोव्हिएत हॉकीत आयुष्य काढून तो १९८९-९० मध्ये कॅलगरीकडून उतरला आणि वयाच्या ३१ व्या वर्षी सर्वोत्तम नवोदिताची कॉल्डर ट्रॉफी घेऊन गेला. त्यानंतर २६ वर्षांची मर्यादा आली. मिचकोव हंगाम सुरू झाला तेव्हा १९ वर्षांचा होता, त्याचा याच्याशी काडीचाही संबंध नाही. पण दोघं रशियन आहेत, आणि टपरीवर तेवढं पुरतं.

बरोबरीच्या गुणांवर खरंच एक जुना दाखला आहे, आणि तो मी फुकट देतो आहे. १९७९-८० मध्ये मार्सेल डिऑन आणि वेन ग्रेट्झ्की दोघांचेही १३७ गुण झाले. सर्वाधिक गुणांची आर्ट रॉस ट्रॉफी डिऑनला गेली, कारण त्याचे गोल ५३ आणि ग्रेट्झ्कीचे ५१. मिचकोववाल्यांनी हा दाखला द्यावा आणि २६ विरुद्ध २५ एवढंच म्हणून उठावं. सेलेब्रिनीवाल्यांनी त्यांना खाली बसवावं, कारण त्याच हंगामात सर्वांत मोलाचा खेळाडू म्हणून हार्ट ट्रॉफी ग्रेट्झ्कीला मिळाली होती. नवोदिताची ट्रॉफी मात्र त्याला दिली नाही. आधीच्या वर्षी तो दुसऱ्या व्यावसायिक लीगमध्ये खेळला होता, म्हणून तो नवा नाही असं ठरलं. एकाच वर्षात दोन्ही पक्षांना पुरेल एवढा माल.

दमलात तर पुढच्यांकडे बघा. २००५-०६ मध्ये रशियाचा अलेक्झांडर ओवेचकिन आणि कॅनडाचा सिडनी क्रॉस्बी एकाच दिवशी, ५ ऑक्टोबरला, पहिला सामना खेळले. ओवेचकिनचे १०६ गुण, क्रॉस्बीचे १०२, कॉल्डर ओवेचकिनला. प्रकरण तिथे मिटायला हवं होतं. पुढे क्रॉस्बीने ३ स्टॅन्ली कप, म्हणजे लीगची अजिंक्यपदं, जिंकले, ओवेचकिनने १, आणि एप्रिल २०२५ मध्ये ओवेचकिनने ८९५ वा गोल मारून ग्रेट्झ्कीचा सर्वाधिक गोलांचा विक्रम मोडला. त्यामुळे वाद भावकीतल्या जमिनीच्या दाव्यासारखा चालूच आहे: मूळ वादी कधीच समजुतीने वागायला लागले, त्यांच्या बाजूने भांडणारे तारखा घेतायत.

नमुन्यादाखल मालवण बंदरावरचा हा वाद ऐका. सकाळचा लिलाव चालू आहे, प्लास्टिकचे क्रेट ओढण्याचा आवाज, आणि एका उलट्या क्रेटवर दोन चुलतभाऊ.

"सत्तर म्याचीत त्रेसष्ट. हिशोब कर मरे," थोरला म्हणतो.

"आणि बारा म्याची घराक बसलो, तेचो हिशोब कोण करतलो?"

"दुखापत होती रे तेका!"

"आणि ह्येका कोचान बसवलो, तां?"

शेजारी बांगड्यांवर बर्फाचा चुरा पसरणारी मावशी ओंजळ हवेतच थांबवते. "दोघांचा किती म्हणालास?"

"त्रेसष्ट आणि त्रेसष्ट, गे मावशे."

"वजन सारख्या आसा तर झगडतास कित्याक? दोनय घेवा आणि घराक जावा. हय माझो बर्फ वितळता."

अशा हस्तक्षेपाने डगमगू नये. मावशीला एनएचएलचं काय कळतंय, असं मनात म्हणावं. मोठ्याने म्हणू नये, बांगडा तिच्याकडूनच घ्यायचा असतो.

संघांचा विषय कोणी काढलाच तर तो दोघांनी मिळून दाबावा, इथे दोन्ही बाजूंचं हित एकच आहे. शार्क्सने ८२ पैकी २० सामने जिंकले आणि संपूर्ण लीगमध्ये तळाला राहिले. फ्लायर्स त्यांच्या विभागात तळाला. बाकीचे काय करत होते, असं विचारलं की दोन्हीकडून एकच उत्तर द्यायचं: "पोरगा एकटा काय काय करील!" या वाक्यावर दोन्ही पक्ष गळ्यात गळे घालतात, फक्त पोरगा आपापला धरतात.

आता धोका तेवढा सांगून ठेवतो. कधीतरी टपरीवर एखादा अबोल माणूस येतो. भजी खातो, ऐकतो आणि कागदाला हात पुसत म्हणतो, "पण कॉल्डर तर लेन हटसनला मिळाली ना?" मॉन्ट्रियलचा बचावपटू. २०२२ च्या ड्राफ्टमध्ये ६२ वा. ६ गोल, ६० असिस्ट, ६६ गुण, म्हणजे आपल्या दोघांपेक्षाही ३ जास्त. मतदानात दुसरा कॅलगरीचा गोलकीपर डस्टिन वूल्फ, सेलेब्रिनी तिसरा, आणि मिचकोव अंतिम तिघांत नाहीच.

अशा वेळी थोरल्याने आणि धाकट्याने एकमेकांकडे बघू नये. "आम्ही फॉरवर्डांबद्दल बोलतोय," असं एकमुखाने म्हणावं. तो हटला नाही तर त्याच्यासाठी कटिंग सांगावी, त्याला क्रेट द्यावा आणि आदराने विचारावं, "दादा, मॉन्ट्रियलच्याच डेमिडोवबद्दल काय वाटतं तुम्हाला?" फॉरवर्ड आहे, रशियन आहे, आणि २०२४-२५ मध्ये शेवटचे दोनच सामने खेळल्यामुळे पुढच्या हंगामातही नवा म्हणूनच मोजला गेला. दादा बोलायला लागले की चहाचे पैसे त्यांच्याच नावावर लिहायला सांगून निघावं.