कावळ्यांचं चित्र व्हॅन गॉगचं शेवटचं नव्हे

कावळे आणि गव्हाचं शेत असलेलं चित्रकार व्हिन्सेंट व्हॅन गॉगचं चित्र ‘हे रंगवून त्याने लगेच गोळी झाडून घेतली’ या ओळीसह सध्या फिरतंय. ते खरं नाही. हा समज पक्का झाला तो मुख्यतः १९५६ च्या ‘लस्ट फॉर लाइफ’ या चित्रपटामुळे. त्यात तो कावळे रंगवतो आणि तिथेच गोळी झाडून घेतो.

प्रत्यक्षात ते चित्र जुलै १८९० च्या पहिल्या पंधरवड्यातलं. गोळी २७ जुलैची, मृत्यू २९ ला. मधल्या दिवसांत तो रंगवतच होता. त्याचं शेवटचं चित्र बहुधा ‘झाडांची मुळं’. ते जरा जवळून बघा: उतारावरच्या पिवळसर मातीतून बाहेर आलेली निळी, पिळदार मुळं, वर हिरवा पाला आणि काही अर्धवट राहिलेला भाग. गोळी झाडली त्या दिवशी सकाळी तो ऊन आणि चैतन्य भरलेलं झाडीचं दृश्य रंगवत होता, असं त्याचा भाऊ थिओ याच्या मेव्हण्याने लिहून ठेवलंय.

शेतांच्या चित्रांत दुःख आणि एकटेपण आहे, हे व्हिन्सेंटने स्वतः पत्रात लिहिलंय. पण त्याच पत्रात खेड्यातलं निरोगी, बळ देणारं वातावरणही या चित्रांतून सांगायचंय, असं तो म्हणतो. ते वाक्य कुणी फॉरवर्ड करत नाही, याचं फार वाईट वाटतं.